घरची दूधपोळी सोडून बंड्या रस्ता का ओलांडतो?

रानजाई | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा एका कुत्र्याबद्दल आहे, पण प्रश्न कुत्र्यापेक्षा मोठा आहे आणि मला खरंच उत्तर हवंय.

आम्ही पुण्यात डहाणूकर कॉलनीच्या बाजूला राहतो. आमच्या गल्लीत बंड्या आहे. तांबूस, सहा-सात वर्षांचा, कानाला नसबंदीची खाच. मी त्याला रोज सकाळी सव्वासातला आणि संध्याकाळी सातला दूधपोळी देते. चार वर्षांत एक वेळ चुकलेली नाही. आम्ही गावाला गेलो तर शेजारच्या वहिनी देतात. तरी रात्री नऊ वाजले की हा मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या भुर्जीच्या गाडीकडे जातो. गाडीवाले दादा भले आहेत. कधी अंड्याचा तुकडा टाकतात, कधी शेजारच्या गाडीवरची हाडं. कधी काहीच नसतं.

गेल्या महिन्यात रस्ता ओलांडताना त्याला रिक्षाचा धक्का लागला. मागचा पाय सुजून टम्म. दहा दिवस जिन्याखाली पडून होता, मी हळदीचं दूध आणि डॉक्टरांच्या गोळ्या देत होते. अकराव्या दिवशी लंगडत परत पलीकडे!

तेव्हापासून वहीत टिपतेय. गॅलरीतून रस्ता दिसतो. २१ रात्रींपैकी १९ रात्री गेला. त्याला तिकडे काय मिळालं ते दादांना विचारून लिहिलंय: फक्त सात रात्री काहीतरी, बाकी रात्री काही नाही. मध्ये आठवडाभर मी पोळ्या दोनाच्या चार केल्या. दोन तशाच राहिल्या, मुंग्या लागल्या, आणि तो गेलाच.

घरी पोटभर, वेळेवर, हमखास मिळतं. तिकडे तीनातल्या दोन वेळा हात हलवत परत. मग जीव धोक्यात घालून का जातो? ही हाव आहे की आणखी काही? 'बांधून ठेवा' हा सल्ला कृपया देऊ नका. तो कधी बांधलेला नाही, एकदा प्रयत्न केला तर रात्रभर रडला.

नळस्टॉप | सोमवार, रात्री १०.०५

ताई, उत्तर सोपं आहे. तिकडे मटणाचा वास आहे. पोळ्या चार करा नाहीतर दहा, पोळी ती पोळीच.

घारू | सोमवार, रात्री १०.२०

नळस्टॉपशी सहमत, पण मग एक कळत नाही. हाडंच हवी असतील तर सातला पोळी खायला तरी का थांबतो? दिवसभर गाडीपाशीच का पडून राहत नाही? आमच्या गल्लीतला काळ्या तर चार घरं फिरतो, चारही घरी थोडं थोडं खातो.

प्रयोगवही | मंगळवार, सकाळी ६.५०

रानजाई, वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत. तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण इतका स्वच्छ प्रश्न विद्यार्थ्यांकडूनही क्वचित आला. सविस्तर लिहितो.

नळस्टॉप म्हणतात ते बरोबर आहे, पण ती अर्धी गोष्ट झाली. काय मिळतं याइतकंच ते कसं मिळतं यालाही महत्त्व असतं. दोन प्रकार डोळ्यांसमोर आणा. एक विहीर: जितके पोहरे ओढाल तितकं पाणी. दुसरी दारातली टपालपेटी: दिवसातून वीस वेळा उघडलीत म्हणून वीस पत्रं येत नाहीत, पण आलेलं पत्र तुम्ही उघडेपर्यंत आत पडून राहतं. दोन विहिरी असतील आणि एकीचं पाणी वर असेल तर शहाणा माणूस दुसरीकडे फिरकणार नाही. दोन टपालपेट्या असतील तर मात्र कमी पत्रं येणारी पेटीही अधूनमधून उघडावीच लागते. जितके दिवस उघडली नसेल तितकी आत काही असण्याची शक्यता वाढत जाते.

हार्वर्डमध्ये रिचर्ड हर्नस्टाइन यांनी १९६१ साली कबुतरांवर नेमकं हेच पाहिलं. पिंजऱ्यात चोचीने टोचायच्या दोन कळा. दोन्हींवर दाणे अनियमित वेळाने 'तयार' होत आणि तयार झाल्यानंतरच्या पहिल्या टोचीला मिळत. म्हणजे दोन टपालपेट्या. कबुतरांनी चांगली कळ धरून दुसरी सोडून दिली असं झालं नाही. एका कळेवर एकूण दाण्यांपैकी जितका वाटा मिळे, साधारण तितकाच वाटा टोचींचा त्या कळेवर पडे. तीन चतुर्थांश दाणे डावीकडे, तर सुमारे तीन चतुर्थांश टोची डावीकडे. याला जुळणीचा नियम म्हणतात. पुढे उंदीर, माकडं, माणसं यांच्यावर तो तपासला गेला. बहुतेकदा प्राणी थोडा कच्चा जुळतो, म्हणजे कमी मोबदल्याच्या जागेला तिच्या वाट्यापेक्षा जरा जास्तच वेळ देतो.

घारू, तुमच्या काळ्याची चार घरं म्हणजे चार टपालपेट्या.

आता बंड्या. हाडं नऊ ते अकराच्या दरम्यान केव्हाही पडत असणार आणि कुणी उचलेपर्यंत गाडीखाली राहत असणार. म्हणून सात रात्रीच काही मिळालं तरी जाऊन बघणं त्याला परवडतं. पण तुमच्या वहीतली खरी गोष्ट वेगळी आहे. तुमची पोळी सातला मिळते आणि सव्वासातला संपते. त्यानंतर तुमच्या दारात बसून बंड्याला काय मिळणार? काहीच नाही, हे त्याला चार वर्षांत पक्कं कळलंय. नऊ वाजता त्याच्यासमोर पोळी की हाडं अशी निवडच नसते. एकीकडे गाडी असते आणि दुसरीकडे रिकामी पायरी. तुम्ही सातच्या पोळ्या दोनाच्या चार केल्यात, पण त्याचा निर्णय नऊला होतो. त्या वेळचं तुमचं पारडं रिकामंच राहिलं.

याला हाव म्हणू नका. तो हिशेब नीट करतोय. त्या हिशेबात रिक्षा धरलेली नाही, कारण धक्का एकदाच बसला आणि हाडं शेकडो वेळा मिळाली.

रानजाई | मंगळवार, सकाळी ७.४०

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आत्ता पोळी देताना बंड्याकडे बघत होते. खाऊन झाल्यावर तो खरंच एकदाही वर बघत नाही. वाडगा चाटतो, वळतो, जातो. चार वर्षं मला वाटायचं तो तृप्त होऊन जातोय.

सातेरी | मंगळवार, दुपारी १.१५

मधपाळ आहे. भोरकडे सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पंधरा पेट्या आहेत, प्रशिक्षण गणेशखिंड रस्त्यावरच्या मधमाशी संस्थेत घेतलं. या विषयावर माश्या काय करतात ते लिहितो, कारण त्यांची पद्धत आगळी आहे.

थॉमस सीली आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या जंगलात एक पोळं नेलं, जिथे फुलं फार नव्हती. पोळ्यापासून ४०० मीटरवर उत्तरेला एक साखरपाण्याचं भांडं, तितक्याच अंतरावर दक्षिणेला दुसरं. सकाळी दक्षिणेचं पाणी अडीचपट गोड. दुपारपर्यंत दक्षिणेला ९१ माश्या, उत्तरेला १२. मग दुपारी गोडी अदलाबदल केली. चार वाजेपर्यंत उत्तरेला १२१, दक्षिणेला १०! १९९१ साली हे छापून आलं.

मला थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. एकाही माशीने दोन्ही भांड्यांची तुलना केली नाही. जी दक्षिणेला जाते तिला फक्त दक्षिण माहीत. पाणी गोड लागलं तर ती पोळ्यात परतल्यावर जागेची दिशा आणि अंतर सांगणारा नाच जास्त वेळ करते, फिकं लागलं तर कमी नाचते किंवा जाणंच सोडते. नव्या माश्या ज्या नाचाला भेटतील त्याच्या मागे जातात. निवड पोळं करतं, माशी नाही. (नाचाची भाषा उलगडल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं.)

पेटी उघडली की मला हे डोळ्यांनी दिसतं. जांभूळ फुलला की दोन-तीन दिवसांत सगळ्या फळीवर तोच एक वास, आणि कालपर्यंत ज्या झुडपांवर गर्दी होती तिथे शुकशुकाट. पण चारदोन माश्या जुन्या झुडपांवर घुटमळत राहतातच. आधी मला त्या म्हाताऱ्या, चुकलेल्या वाटायच्या. आता वाटतं, तीच पोळ्याची उघडी खिडकी. जांभूळ संपला की बातमी कुणाकडून येणार?

घारू | मंगळवार, दुपारी २.००

सातेरी, फार सुंदर. पण मग फुलं फसवत नाहीत का? सगळ्या फुलांत मध असतोच असं नाही ना?

सातेरी | मंगळवार, दुपारी २.३०

नसतोच. एकाच झाडावर काही फुलं मधाची, काही मुळातच कोरडी. यावर पुण्यातच काम झालंय. मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांचा बिनमधाच्या फुलांवरचा शोधनिबंध २००३ साली आला. माशीला बाहेरून ओळखता येत नाही, प्रत्येक फूल तपासावं लागतं. बंड्याच्या हाडांसारखंच.

नळस्टॉप | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

हे सगळं पटतंय, पण एक मनापासून विचारतो. कबुतरं टोचतात, माश्या उडतात, हिशेब जुळतो. पण कुत्र्याचं माणसाशी नातं असतं. ते या तराजूत कुठे बसतं? आमच्याकडे लहानपणी एक कुत्री होती. वडील दोन दिवस गावाला गेले की ताटलीला तोंड लावायची नाही. नुसता खाण्याचा हिशेब असता तर ती जेवली असती.

भूभूची आई | मंगळवार, रात्री ८.४५

नळस्टॉप, या मुद्द्यावर आपल्याच देशात अभ्यास झालाय, तोही भटक्या कुत्र्यांवर. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट आहे. त्यांनी २०१७ मध्ये मांडलं, की अनोळखी माणसाने एकदाच दिलं तर कुत्रा खाण्याकडे झुकतो. पण तोच माणूस पुन्हा पुन्हा भेटला तर खाण्यापेक्षा अंगावरून फिरलेल्या हाताने विश्वास जास्त बसतो. रस्त्यावरचा कुत्रा, ज्याला पुढचं जेवण कुठून येईल माहीत नाही, तो!

याच गटाचं आणखी एक निरीक्षण रानजाईंच्या कामाचं आहे. मोठी कुत्री मांसाच्या वासामागे जातात, त्यात सत्त्व किती याची पर्वा कमी. पाव चिकनच्या पाण्यात भिजवला तरी ती धावतात. म्हणजे तुम्हाला मटण आणायला नको. अळणी, म्हणजे मांस शिजवलेलं पाणी, घाला पोळीवर. पण अळणी कांदा-लसूण-मीठ न घालता काढलेली हवी, कांदा कुत्र्याला विषारी असतो. आणि दादांना सांगा, शिजलेली कोंबडीची हाडं नका टाकू. त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि घशात, आतड्यात रुततात. मी असे दोन कुत्रे दवाखान्यात नेलेत, एक वाचला नाही.

पेशीजाल | मंगळवार, रात्री ११.३०

मेंदूविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. नळस्टॉप काकांच्या प्रश्नावर अख्खी प्रयोगशाळा झिजलीय. खाणं, पाणी, स्पर्श, सोबत या इतक्या निराळ्या गोष्टी मेंदू एकमेकींशी तोलतो तरी कशा?

मॉन्ट्रियलमध्ये १९५४ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना दिसलं, की उंदराच्या मेंदूत ठरावीक जागी तार बसवली तर त्या जागी बारीक विद्युतप्रवाह यावा म्हणून तो स्वतःच खटका दाबत राहतो. पुढे त्याच शहरात पीटर शिजगल आणि केंट कोनोव्हर यांनी उंदरासमोर दोन खटके ठेवले: एक दाबला की विद्युतप्रवाह, दुसरा दाबला की जिभेवर साखरपाणी. प्रवाह कमीजास्त करत गेलं की एक टप्पा असा येतो जिथे दोन्ही सारखे. आता साखरपाण्याला प्रवाहाची जोड दिली की उंदीर नुसता प्रवाह देणाऱ्या खटक्यापेक्षा ही जोडी निवडतो. दोन्हींची किंमत एकाच पारड्यात मिळवली गेली. नाणी वेगळी असली तरी मेंदूत कुठेतरी ती एकाच चलनात बदलली जातात.

आणि सोबतीचं वजन त्या चलनात फार भरतं. मार्को व्हेनिरो आणि यावीन शाहम यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की मादक द्रव्याचं व्यसन लागलेल्या उंदरांनाही द्रव्य की दुसऱ्या उंदराची भेट अशी निवड दिली तर बहुतेक उंदीर भेट निवडतात. काका, तुमच्या कुत्रीने ताटली नाकारली ती हिशेबाबाहेर जाऊन नाही. तिच्या हिशेबात वडील होते.

रानजाई मावशी, एकच विचारते. गाडीपाशी बंड्याला खाण्याशिवाय आणखी काही मिळतं का?

रानजाई | बुधवार, रात्री ११.५०

पेशीजाल, तुझ्या प्रश्नामुळे आज मी बंड्याच्या वेळेला रस्ता ओलांडून गेले. चार वर्षांत पहिल्यांदा.

पावणेनऊला गाडीच्या बाजूच्या बाकावर बसले. नऊ वाजून पाच मिनिटांनी बंड्या आला. गाडीखाली नाक घातलं, एकदाच हुंगलं, काही नव्हतं. मला वाटलं परत फिरेल. तो गाडीच्या मागे गेला. तिथे दादांचा भाचा कांदे चिरत होता. कॉलेजात आहे, संध्याकाळी मामाच्या मदतीला येतो. त्याने सुरी बाजूला ठेवली, हात पँटला पुसले आणि बंड्याच्या तुटल्यासारख्या दिसणाऱ्या त्या खाच पडलेल्या कानामागे खाजवलं. बंड्याने हनुवटी त्याच्या चपलेवर टेकली आणि डोळे मिटले. वीस मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं. गिऱ्हाईक आलं की मुलगा उठायचा, बंड्या मान वर करून वाट बघायचा, मुलगा बसला की हनुवटी परत चपलेवर.

आज काहीही खायला मिळालं नाही. माझ्या वहीत ही रात्र 'रिकामी' म्हणून गेली असती.

मी त्याला दूधपोळी ठेवते ती जिन्याच्या कडेला, आणि वर निघून जाते. कामं असतात. मी त्याला शेवटचा हात कधी लावला होता? लस देताना.

प्रयोगवही | गुरुवार, सकाळी ६.३०

वहीत नसलेला रकाना सापडला. रानजाई, हे तुमचं निरीक्षण मी वर्गात सांगितलं असतं.

केंब्रिजच्या बागेतल्या तळ्यावर १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. ३३ बदकं, दोन माणसं दोन जागी उभी राहून पाव टाकतायत. एकाचा वेग दुप्पट. एखाद-दीड मिनिटात बदकं दोनास एक या प्रमाणात विभागली जातात. पण एका बाजूचे तुकडे मोठे केले की बदकं आधी वेगावरच विभागली जातात, तुकड्यांचा आकार लक्षात यायला त्यांना जास्त वेळ लागतो. तुम्हाला हे यासाठी सांगतोय, की तुम्ही केलेला बदल बंड्याला लगेच जाणवणार नाही. वेळ, ठिकाण, वारंवारता आधी कळतं. गुण नंतर.

माझी सूचना: सातची पोळी निम्मी करा. उरलेली अळणीत भिजवून नऊ ते अकराच्या दरम्यान, रस्त्याच्या अलीकडे, दर रात्री वेगळ्या वेळी ठेवा. नेमकी वेळ ठरवलीत तर तो तेवढ्यापुरता येईल आणि उरलेला वेळ पलीकडे. तुमची पायरीही टपालपेटी होऊ द्या.

मांजरवाली | गुरुवार, सकाळी ९.१०

एक भर. समोर फुकटचं खाणं असूनही कष्ट करून मिळवलेलं प्राण्यांना आवडतं, हे ग्लेन जेन्सन यांनी १९६३ मध्ये उंदरांत दाखवलं, मग पक्षी, माकडं असे कित्येक प्राणी निघाले. फक्त घरची मांजरं नाहीत! २०२१ च्या अभ्यासात त्यांनी बहुतेक फुकटची थाळीच निवडली, आमच्या दोघींना बघून मला त्याचं नवल नाही. पण बंड्या कुत्रा आहे. खाणं एका वाडग्यात न देता कुंड्यांमागे, जिन्याखाली दोन-तीन जागी ठेवून बघा. शोधायला नाक लावू दे.

भूभूची आई | गुरुवार, सकाळी ९.३०

मांजरवालीला +१. फक्त सकाळी उरलेलं उचला, नाहीतर सोसायटीत उंदीर-घुशींवरून तक्रार येईल आणि मग कुत्र्यांवर बालंट.

आणि रानजाई, पहिला आठवडा त्रासाचा जाईल. कधी मिळतं-कधी नाही अशा सवयी हमखास मिळणाऱ्या सवयींपेक्षा चिवट असतात. तिकडची हाडं बंद झाल्यावर सुरुवातीला तो जास्त वेळ थांबेल, जास्त शोधेल. त्याला उपाय फसला असं समजू नका.

रानजाई | चार आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६.२०

धागा वर काढतेय. हिशेब द्यायचा होता.

दादांशी बोलले. हाडं पूर्ण बंद. अंड्याचे तुकडे ते डब्यात ठेवतात, भाचा नऊला आमच्या सोसायटीच्या नळावर कॅन भरायला येतो तेव्हा घेऊन येतो. कॅन भरेपर्यंत दहा मिनिटं बंड्याजवळ बसतो. हे त्याने स्वतःहून सुचवलं, मी फक्त बंड्याचा पाय कसा सुजला होता ते सांगितलं होतं. त्याला माहीतच नव्हतं, तो म्हणाला, "काकू, दहा दिवस आला नाही तर मला वाटलं कुणी उचलून नेला."

वेळ आम्ही चिठ्ठ्यांनी काढतो. नऊ ते अकरा, दर पाच मिनिटांची एक चिठ्ठी बरणीत, संध्याकाळी वहिनी एक उचलतात. वेळ काय ते आम्हालाही आधी ठाऊक नसतं.

पहिला आठवडा: सातही रात्री गेला, दोनदा तर साडेअकरापर्यंत गाडीखाली बसून राहिला. मी रडकुंडीला आले होते, भूभूची आईंचं वाक्य आठवून धीर धरला. दुसरा: पाच. तिसरा: चार, पण यातल्या तीन रात्री गेला, हुंगलं आणि पाच मिनिटांत परत. हा आठवडा: दोन.

शून्य झालेलं नाही. सरांच्या म्हणण्यावरून कळतंय की कदाचित होणारही नाही.

मी आता पोळी ठेवून लगेच वर जात नाही. पायरीवर बसते. मंगळवारी पहिल्यांदा त्याने खाऊन झाल्यावर वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पावलापाशी येऊन बसला. हनुवटी अजून टेकवत नाही.

प्रयोगवही | रविवार, संध्याकाळी ७.०५

दोन रात्री कुठल्या? भाचा सुट्टीवर होता का त्या दिवशी?

रानजाई | रविवार, संध्याकाळी ७.१५

वही बघितली. दोन्ही दिवशी त्याची परीक्षा होती, रात्री नळावर आला नव्हता.

आजची चिठ्ठी ९.५५ ची निघालीय. अळणी गार होतेय.